बोलण्याआधीचा श्वास

कानाच्या विभागात मी अठ्ठावीस वर्षं मदतनीस होतो. काम सोपं होतं. सकाळी हेडफोनच्या गाद्या स्पिरिटने पुसायच्या. पेशंटला आत नेऊन खुर्चीवर बसवायचं. लाल बाजू उजव्या कानावर, निळी डाव्या कानावर. हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज कितीही बारीक आला तरी दाबा. नाही आला तर दाबू नका." मग दार ओढून घ्यायचं.

ते दार वीतभर जाड होतं. चाचणीची खोली म्हणजे एका मोठ्या खोलीत बसवलेली दुसरी खोली. भिंतींना बारीक भोकांचे राखाडी पत्रे, त्यांच्या मागे लोकर, आणि एका बाजूला दुहेरी काचेची खिडकी. आत बसलं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं. बाहेर चाचणी घेणाऱ्या मॅडम बसायच्या. त्यांच्यासमोर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरला जोडलेलं कान तपासायचं यंत्र. त्याचं खरं नाव ऑडिओमीटर. आम्ही त्याला डबा म्हणायचो, कारण तो डब्यासारखाच दिसायचा. मॅडम डब्यातून बारीक सूर सोडायच्या. पेशंटने आत बटण दाबलं की पडद्यावर एक खूण उमटायची. खुणा जोडून आलेख तयार व्हायचा.

वाचायला मी तिथेच शिकलो, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. मॅडमच्या आधी त्या जागी असलेल्या मोठ्या बाईंनी शिकवलं. पेशंटला वाचून दाखवायची शब्दांची यादी असते ना, दोरी, खडू, पाट, नदी, तीच माझी पाटी. मोठ्या बाई आता मुलीकडे राहतात. ठणठणीत आहेत, महिन्यातून एकदा फोन करतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकिगत ऐकणारे बहुतेक जण शेवटी त्यांच्यावर येऊन थांबतात.

माझी नात जन्मापासून ऐकत नव्हती. आम्ही तिला ठकी म्हणायचो. माझ्याच विभागात पाच वेळा तिची चाचणी झाली आणि पाचही वेळा आलेख कोरा. बटण हातात घेऊन ती काचेतून माझ्याकडे बघत बसायची. कानात यंत्र बसवायची शस्त्रक्रिया करायचं ठरलं होतं. नाव यादीत होतं. पण नियम असा की सहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत समितीची मंजुरी हवी. ठकीचा वाढदिवस एकवीस तारखेला, समितीची बैठक चौदाला. पुढची बैठक तीन महिन्यांनी. म्हणजे चौदा तारीख हुकली की ठकी आयुष्यभरासाठी हुकली.

झोपवून करतात ती तपासणी झालेली होती. तीत रेषा सपाट होती. आता फक्त आमच्या डब्यावरचा ताजा आलेख हवा होता. तो मशीनमधूनच छापून आलेला असावा, तारखेसकट, आणि दोन्ही कागद एकमेकांशी जुळावेत, असं समितीचं म्हणणं.

त्याच महिन्यात वरून हुकूम आला की सगळ्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकायची.

कॉम्प्युटरवाला आला तो सोमवारी. चाळिशीचा, चष्मा कपाळावर, सगळ्यांशी बोलायचा तसाच मशीनशीही बोलायचा. दुपारपर्यंत नवी सिस्टीम बसली. पडदा छान निळा झाला. पण डबा काही सुरू होईना. यादीत त्याच्या जागी पिवळा त्रिकोण आणि शेजारी 'अनोळखी उपकरण'.

"काय झालं?" मी विचारलं.

"बोलत नाहीत एकमेकांशी," तो म्हणाला. "भांडलेल्या जावांसारखं चाललंय. एकाच घरात आहेत, पण ओळख द्यायला तयार नाहीत."

"मग आता?"

"दोघींमधे दुभाषा लागतो, काका. त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुना दुभाषा होता, त्याला नवीची भाषा येत नाही. नवा बनवायचा तर डबा बनवणारी कंपनीच राहिली नाही."

"जुनी सिस्टीम परत टाका की," मॅडम म्हणाल्या.

"ती पुसली गेली मॅडम. आणि जुनीवरून आता ऑफिस आलेख छापू देणार नाही."

दोन दिवस तो खपला. डब्याचं जुन्या पद्धतीचं नऊ पिनांचं तोंड नव्या कॉम्प्युटरला बसेना, म्हणून मधे जोडणी आणली. ती चालेना म्हणून दुसरी आणली. शेवटी त्याच कंपनीच्या कुठल्यातरी वेगळ्या यंत्राचा ड्रायव्हर त्याला सापडला. "सख्खा नाही, पण चुलत आहे," म्हणाला आणि तो टाकला. तिसऱ्यांदा कॉम्प्युटर चालू केला तेव्हा पिवळा त्रिकोण गेला. सूर निघाला. मॅडमनी टाळी वाजवली.

"अरेच्चा," तो म्हणाला. "जुळं झालं की."

यादीत डबा दोनदा आला होता. वरच्या ओळीत त्याचं नाव. खालच्या ओळीत तेच चित्र, पण नावाची जागा कोरी. त्याने खालची ओळ काढून टाकली. पडदा एकदा मिटला, उघडला, आणि ओळ परत आली. पुन्हा काढली. पुन्हा आली. चौथ्या वेळी त्याने चष्मा डोळ्यांवरून परत कपाळावर सरकवला.

"राहू दे. आवाज येतोय ना? मग झालं."

आम्हीही म्हणालो, झालं.

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट शिंपी होता. वय झालेला, दोन्ही कानांनी कमी ऐकणारा. चाचणी अर्धी झाली असेल, तेव्हा मॅडमनी माईकवरून त्याला थांबवलं.

"काका, उगाच बटण दाबू नका. मी सूर सोडेन तेव्हाच."

"उगाच कशाला दाबू?" तो आतून मोठ्याने म्हणाला. "आलं ऐकू म्हणून दाबलं."

"काय आलं?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो ना, तसं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. माईक चालू राहिला असेल असं आम्हाला वाटलं. तो बंद होता.

त्या आठवड्यात तसंच चाललं. ओतकामाच्या कारखान्यातला एक माणूस आला, भट्टीच्या आवाजाने कान गेलेला. तो म्हणाला, "मागे कोण उभं आहे?" निवृत्त मास्तरीणबाई आल्या, दोन्ही कानांत यंत्रं लावणाऱ्या. यंत्रं काढून आत बसल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, बोलायचं असेल तर बोला म्हणावं. नुसता श्वास घेऊन थांबतात. कसंतरीच वाटतं."

मॅडम स्वतः आत बसल्या. काही नाही. मी बसलो. काही नाही. माझा गिळल्याचा आवाज तेवढा.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने वायर बदलली, जोडणी बदलली, अर्थिंग तपासलं. "घरघर असेल," म्हणाला. घरघर आणि श्वास यांतला फरक मास्तरीणबाईंना कळत असावा, असं मी म्हणालो. तो हसला नाही.

मला शब्द उशिरा आले, पण तेव्हापासून लिहून ठेवायची सवय आहे. शब्दांच्या यादीच्या पाठकोऱ्या कागदावर मी आठ दिवसांचे पेशंट लिहिले आणि प्रत्येकासमोर जादा खुणा किती ते. मग कागद मॅडमसमोर ठेवला. ज्यांचे कान चांगले, त्यांच्यासमोर शून्य. थोडं कमी ऐकणाऱ्यांना दोन-तीन. ओतकामवाल्याला अकरा. मास्तरीणबाईंना एकोणीस.

मॅडमनी एकेका नावावर पेन टेकवत कागद वाचला.

"काका, हे उलटं आहे."

"हो."

"जेवढा बहिरा, तेवढं त्याला जास्त ऐकू येतंय."

बारा तारखेला ठकीची चाचणी होती. आमच्या दोघांच्याही मनात तेच होतं आणि दोघांनीही तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दवाखान्यात जावं, तर तिथे नाव नोंदवून दोन महिने थांबायचं. वेळ नव्हता.

बारा तारखेला सकाळी अकरा वाजता सून ठकीला घेऊन आली. ठकीने आल्या आल्या माझ्या खिशात हात घातला, पेन काढलं आणि स्वतःच्या फ्रॉकला लावलं. साहेब झाली. मी तिला खुर्चीवर बसवलं, हेडफोन चढवले, बटण दिलं, दार ओढलं.

मॅडमनी अजून सूर सोडलाच नव्हता.

ठकीने मान वळवली. उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग समोर बघून बटण दाबलं.

पडद्यावर खूण उमटली, अगदी वर, म्हणजे अगदी बारीक आवाज ऐकणाऱ्याची. एवढ्या वर की माझ्यासारख्या माणसाचीही कधी आली नसती. मग दुसरी. तिसरी. ती खुशीत होती. पाय हलवत होती. कुणी विचारावं आणि आपण उत्तर द्यावं, तशी थांबून थांबून दाबत होती.

सुनेने तोंडावर हात धरला. "बाबा, ऐकतेय ती! बाबा, ऐकतेय!"

दार सताड उघडं ठेवून मी आत गेलो. तिचे हेडफोन काढले. तिच्या पाठीमागे उभा राहिलो आणि स्पिरिटचे बोळे ठेवायचं स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. बाहेर व्हरांड्यात लोक दचकले. ठकी तशीच बसून होती, फ्रॉकला लावलेलं पेन सरळ करत.

सून खाली बसली. तिच्यासाठी ती दोन मिनिटं फार वाईट होती. एकदा मिळालं आणि लगेच गेलं.

"पुन्हा लावा," मॅडम म्हणाल्या.

मी हेडफोन लावले. दार ओढलं. ठकीने लगेच मागे पाहिलं आणि बटण दाबलं. खूण उमटली. मॅडम उठल्या, टेबलामागे गेल्या आणि डब्याची वायर कॉम्प्युटरमधून उपसून काढली. यादीतली वरची ओळ गेली. खालची राहिली.

"धरा," म्हणून त्यांनी वायर माझ्या हातात दिली. डब्यातून कॉम्प्युटरकडे जाणारी तेवढी एकच वायर होती.

काचेपलीकडे ठकीने अंगठा दाबला.

पडद्यावर खूण उमटली.

त्या दिवशी दुपारी मी ठकीला बागेच्या बाकावर घेऊन बसलो. आमच्या घरच्या खुणा आहेत, आम्हीच बनवलेल्या. मी विचारलं, आत काय होतं? तिने हात खांद्यामागे नेला. तिथे. मग छाती भरून श्वास घेतला आणि ओठ हलवले. बोलते. कोण? तिने केसांवरून हात फिरवला, म्हणजे बाईमाणूस. काय बोलते? ठकीने माझ्या छातीवर बोट टेकवलं आणि भुवया वर केल्या. ही आमची सकाळची खूण. अंधारात, दिवा लावायच्या आधी, ती मला अशीच चाचपून विचारते, आहेस का?

तू काय सांगितलंस?

तिने अंगठा हवेत दाबला. आहे.

संध्याकाळी मी मॅडमना भेटलो.

"मी हाताने आलेख काढून देणार नाही, काका," त्या आधीच म्हणाल्या. "मला माहीत आहे ती ऐकत नाही. पण मी खोटा कागद देणार नाही."

"हाताने नका काढू. उद्या पुन्हा चाचणी घ्या. मी तिला समजावतो."

"काय समजावणार?"

"दाबू नको म्हणून."

त्यांनी पेनला टोपण लावलं. "तेही खोटंच झालं की."

"मॅडम, ताट पडलं तेव्हा ती हलली का?"

त्यांनी वही उघडली आणि तेरा तारखेला, अकरा वाजता, ठकीचं नाव लिहिलं.

रात्रभर झोप आली नाही म्हणणार नाही, आली. सकाळी ठकीला केस विंचरताना मी सांगितलं. आज दाबायचं नाही. त्या बाईने विचारलं तरी नाही. ठकीने विचारलं, का? मी सांगितलं, ती ऐकू येते हे कुणाला कळू द्यायचं नाही. ठकीने विचार केला. मग विचारलं, ती रडली तर?

मी म्हणालो, तरी नाही.

अकरा वाजता दार ओढलं. ठकीने बटण मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

मॅडमनी सूर सोडायला सुरुवात केली. शिस्तीने, एकेक करून. ठकी समोर बघत होती. पडद्यावर एकही खूण नाही.

पाच मिनिटांनी तिची मान थोडी उजवीकडे गेली. परत सरळ झाली.

दहा मिनिटांनी तिने नकारार्थी मान हलवली. आमच्याकडे बघून नाही. मागे कुणाला तरी.

मॅडम सूर सोडत राहिल्या.

ठकीचे ओठ थरथरायला लागले. तिने पुन्हा मान हलवली, जोरात, दोनदा. मांडीवरच्या बटणाला हात लावला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"थांबवू?" मॅडम कुजबुजल्या.

"किती राहिलंय?"

"चार सूर."

"करा पूर्ण."

पहिला.

दुसरा.

तिसऱ्याला ठकीने हात उचलले आणि हेडफोनवरून दोन्ही कान गच्च झाकून घेतले.

जन्मात आवाज न ऐकलेली पोर. कान झाकायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती.

चौथा.

आलेख कोरा निघाला. दोन्ही कागद जुळले. चौदा तारखेला मंजुरी मिळाली.

पुढचं सगळं नीट झालं, आणि ते नीट झालं याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. शस्त्रक्रिया झाली. महिन्याने कानामागचं यंत्र सुरू केलं. सुनेने हाक मारली आणि ठकीने वळून पाहिलं, खऱ्या आवाजाकडे. तिच्या आईकडे. त्या क्षणासाठी मी चार आलेख कोरे काढले असते. वर्षभरात ती शब्द बोलायला लागली. थोडे बोबडे, पण कळण्यासारखे. दोरी, खडू, पाट, नदी. मीच शिकवले.

विभागात डब्याच्या जागी नवं यंत्र आलं. नव्या सिस्टीमशी ते पहिल्याच झटक्यात जुळलं. यादीत एकच ओळ. कॉम्प्युटरवाल्याने मुद्दाम मला बोलावून दाखवलं. "बघा काका, गुण्यागोविंदाने." डबा भंगारात गेला. जादा खुणा थांबल्या. मी निवृत्त झालो.

फक्त एक. ठकी रोज दुपारी कानामागचं यंत्र काढते. सुनेने रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, थकत असतील मुलं, राहू दे थोडा वेळ. ती यंत्र डबीत ठेवते, खिडकीजवळच्या स्टुलावर बसते आणि मान जराशी उजवीकडे कलवते. अर्धा तास. मग उठून यंत्र लावते आणि खेळायला जाते. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "ते लावलं की ती येत नाही."

मी तिच्या आईला हे सांगितलं नाही.

यंदा मॅडमनी आग्रह करून माझे कान तपासले. माणूस म्हातारा झाला की व्हायचंच. उजवा बराच गेला आहे, डावा जातो आहे. फोनवर मोठ्या बाईंचं निम्मं बोलणं कळत नाही. मॅडम म्हणाल्या, यंत्र लावा. मी म्हणालो, बघू.

काल दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो. घरात आम्ही दोघंच. ठकी स्टुलावर, यंत्र डबीत. मी पेपर खाली ठेवला आणि मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

ठकी माझ्याकडेच बघत होती.

"आजोबा, तुम्हाला पण यायला लागली ना?"

मी मान हलवली. हाताने खूणही केली, म्हणजे शंका राहायला नको. नाही.

ठकीने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या उजव्या खांद्याच्या मागे, जरा वर बघितलं, आणि समजुतीच्या आवाजात तिकडे म्हणाली,

"खोटं बोलतायत ते."